या चुका टाळा: एफएम ट्रान्समीटरवरून गाडीच्या रेडिओवर गाणी ऐकताना

कोल्हापुरात आजही अशा अनेक गाड्या रस्त्यावर आहेत, ज्यांचा रेडिओ उत्तम वाजतो, पण त्याला ब्लूटूथ नाही आणि ऑक्सची पिन लावण्याची सोयही नाही. मूळ रेडिओ काढून नवा स्टिरिओ बसवण्यापेक्षा लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा एफएम ट्रान्समीटर घेणे स्वस्त पडते आणि वायरिंगला हातही लागत नाही. हे यंत्र मोबाईलमधील गाणे एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर सोडते आणि रेडिओ त्याच फ्रिक्वेन्सीवर लावला, की ते गाडीच्या स्पीकरमधून ऐकू येते. काम इतके साधे असूनही खरखर येते, आवाज फाटतो, मध्येच दुसरे केंद्र घुसते आणि मग ‘माल हलका निघाला’ असे म्हणून ट्रान्समीटर डॅशबोर्डच्या कप्प्यात जातो. माझ्या मते अशा बहुतेक वेळा यंत्र निर्दोष असते. बिघाड कोठे आहे, हे रेडिओतून येणारा आवाजच सांगत असतो. तो लक्ष देऊन ऐकला, तर दुसरे यंत्र विकत घेण्याची वेळ सहसा येत नाही.

फ्रिक्वेन्सी निवडताना होणारी घाई

सर्वांत जास्त त्रास येथूनच सुरू होतो. आपल्याकडे एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ असा आहे. कोल्हापूर आकाशवाणी १०२.७ वर आणि टोमॅटो एफएम ९४.३ वर लागते, शिवाय इतर खासगी केंद्रेही याच पट्ट्यात आहेत. केंद्राच्या प्रक्षेपणाची शक्ती किलोवॉटमध्ये मोजतात, तर आपल्या हातातील ट्रान्समीटरची शक्ती इतकी अल्प असते, की तो जेमतेम काही मीटरपर्यंत पोहोचतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन लहरी आल्या, तर एफएम रेडिओ त्यांतील जोरकस लहर धरतो आणि दुसरी दाबून टाकतो. ट्रान्समीटर रेडिओच्या अगदी जवळ असल्यामुळे पुष्कळदा त्याची सरशी होते. पण बाहेरच्या केंद्राची लहर जोरात असेल, तर आपले गाणे मागे पडते, आणि दोन्ही जवळपास तुल्यबळ असतील, तर रस्त्याच्या प्रत्येक वळणावर कधी हे, कधी ते असा खेळ चालतो. गाण्याच्या मध्येच निवेदकाचे शब्द ऐकू येत असतील, तर दोष फ्रिक्वेन्सीच्या निवडीत आहे, यंत्रात नाही.

रिकामी जागा शोधताना अनेकजण रेडिओचे सीक बटण दाबतात. हे बटण केंद्र सापडले की थांबते आणि रिकाम्या जागा ओलांडून जाते, म्हणजे आपल्याला हवे त्याच्या नेमके उलट काम करते. ट्रान्समीटर सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढावा, रेडिओ हाताने एकेक पायरी पुढे न्यावा आणि जेथे एकसारखी, दाट सरसर ऐकू येते, ती जागा निवडावी. सरसरीत कोठेही बोलण्याचा किंवा ठेक्याचा मागमूस असता कामा नये. निवडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना किमान ०.४ मेगाहर्ट्झपर्यंत एखादे जवळचे केंद्र नाही, याचीही खात्री करावी, कारण जोरदार केंद्राचा उपद्रव त्याच्या शेजारच्या आकड्यांवरही होतो. पट्ट्याच्या खालच्या टोकाला, म्हणजे ८७.५ ते ८८ च्या आसपास, शोधाला सुरुवात करणे बरे. वरच्या टोकाला १०८ च्या पुढे विमानांच्या दिशादर्शक यंत्रणांचा पट्टा लागतो. आपल्या उजळाईवाडीला विमानतळ आहे, तेव्हा १०७.९ ही पहिली पसंती नसावी, असे मला वाटते.

शहरात रिकामी असलेली जागा प्रवासभर रिकामी राहील, ही अपेक्षाही चुकीची आहे. एफएमच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, त्यामुळे खाली दसरा चौकात ज्या केंद्राचा पत्ताही नसतो, ते पन्हाळ्याचा घाट चढल्यावर स्वच्छ ऐकू येऊ शकते. कागल ओलांडून निपाणी, बेळगावकडे जातानाही पट्ट्यावरील चित्र बदलत जाते. म्हणून दोन-तीन रिकाम्या फ्रिक्वेन्सी आधीच शोधून रेडिओच्या मेमरीत ठेवाव्यात. चालत्या गाडीत डोळे रस्त्यावरून काढून आकडे जुळवत बसण्याचा धोका त्यामुळे टळतो.

आवाज फाटतो तेव्हा

दुसरी चूक आवाजाच्या पातळीची आहे आणि तिच्याकडे फारच कमी लोकांचे लक्ष जाते. मोबाईल पूर्ण आवाजावर, ट्रान्समीटर पूर्ण आवाजावर आणि त्यावर फोनमधील बेस वाढवलेला, अशी मांडणी केली की हलगीचा पहिलाच ठोका चिरकतो आणि गायकाच्या ‘स’, ‘श’, ‘च’ या अक्षरांना चरचरीत कड येते. एफएममध्ये आवाज जितका मोठा, तितकी लहरीची फ्रिक्वेन्सी मूळ आकड्याच्या दोन्ही बाजूंना अधिक झुलते. केंद्रांसाठी या झुलण्याची मर्यादा दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झ आहे आणि रेडिओही तेवढेच गृहीत धरून बनवलेला असतो. त्यापलीकडे गेलेला भाग रेडिओला नीट उलगडता येत नाही, म्हणून आवाज फाटतो, आणि हा फाटलेला आवाज रेडिओचा व्हॉल्यूम कमी करूनही सुधारत नाही. उलट फोन फारच हळू ठेवला, तर रेडिओ मोठा करावा लागतो आणि गाण्याबरोबर सरसरही मोठी होते.

योग्य पातळी ठरवण्याची एक पद्धत मी सर्वांना सुचवतो. प्रथम कोल्हापूर आकाशवाणी लावून रेडिओचा आवाज कानाला सुखावेल इतका ठेवावा. मग रेडिओच्या व्हॉल्यूमला हात न लावता ट्रान्समीटरच्या फ्रिक्वेन्सीवर यावे आणि केवळ फोनचा आवाज कमी-जास्त करून गाणे आकाशवाणीइतकेच मोठे करावे. ट्रान्समीटरला स्वतःचा व्हॉल्यूम असेल, तर तो मधोमध असावा आणि फोनमधील इक्वलायझर (बेस-ट्रेबल कमी-जास्त करण्याची सोय) बंद असावा. बेस वाढवायचाच असेल, तर तो रेडिओवर वाढवावा. इतके केल्यावर ज्यांनी यंत्र बदलण्याचे ठरवले होते, त्यांपैकी अनेकांची तक्रार उरत नाही.

ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी

गाडी सुरू केल्यावर बारीक शिट्टी ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते, अशी तक्रार असेल, तर फ्रिक्वेन्सी बदलत बसण्यात अर्थ नाही. हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजीन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, आवाज आहे. फोन ऑडिओ केबलने ट्रान्समीटरला जोडलेला असतो आणि त्याच वेळी गाडीतूनच चार्ज होत असतो, तेव्हा अर्थिंगचे दोन मार्ग तयार होऊन हा आवाज गाण्यात शिरतो. चार्जिंगची केबल काढून पाहावी. शिट्टी थांबली, तर कारण सापडले. मग फोन घरूनच चार्ज करून आणावा किंवा ऑडिओ केबलच्या मध्ये अर्थिंगचा हा दुहेरी मार्ग तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा. ब्लूटूथचा ट्रान्समीटर असूनही असा उपद्रव होत असेल, तर दुसऱ्या सॉकेटमधील स्वस्त चार्जर आणि डॅशकॅम एकेक करून काढून पाहावेत.

गाणे मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर सॉकेट तपासावे. आतील पत्रा सैल झालेला असतो किंवा तळाशी धूळ आणि खडीसाखरेचे कण साठलेले असतात, त्यामुळे खड्ड्यातून जाताना संपर्क तुटतो. सफाई करण्यापूर्वी इंजीन बंद करून सॉकेटचा फ्यूज काढावा आणि धातूची वस्तू आत घालू नये. इंजीन सुरू करताना व्होल्टेज क्षणभर पडते, म्हणून ट्रान्समीटर त्यानंतरच लावावा. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही सॉकेट चालू राहते. तेथे यंत्र रात्रभर लावून ठेवू नये. मोठ्या ट्रकमध्ये बहुधा २४ व्होल्टचा पुरवठा असतो, त्यामुळे यंत्रावर १२ आणि २४ हे दोन्ही आकडे छापलेले असल्याशिवाय ते ट्रकमध्ये लावू नये.

एकसारखी सरसर येत असेल आणि आकाशवाणीही पूर्वीइतकी स्वच्छ लागत नसेल, तर गाडीचा ॲंटेना पाहावा. धुताना काढलेली छतावरची काडी पुन्हा घट्ट बसवली गेली नसेल, किंवा पावसाळ्यानंतर तिच्या बुडाशी गंज चढला असेल, तरी दोष ट्रान्समीटरवर ढकलला जातो. केबलच्या ट्रान्समीटरमध्ये बहुधा ती केबलच ॲंटेनाचे काम करते, म्हणून तिची गुंडाळी करून रबर लावू नये. पेनड्राइव्हवरील गाणी यंत्राला दिसत नसतील, तर तो संगणकावर एफएटी३२ (फाइली साठवण्याची एक पद्धत) निवडून फॉरमॅट करून गाणी पुन्हा भरावीत. मात्र फॉरमॅट करताना आतील सर्व काही पुसले जाते.

पोहोच वाढवण्यासाठी ट्रान्समीटरला लांब तार किंवा ॲम्प्लिफायर जोडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. तालीम मंडळाच्या कार्यक्रमातील गाणी पेठेतील घराघरांत रेडिओवर ऐकवावीत, ही कल्पना कितीही चांगल्या हेतूने सुचलेली असली, तरी परवान्याशिवाय असे प्रक्षेपण करणे कायद्याने गुन्हा आहे.

घरातील जुन्या रेडिओवर आजीला मोबाईलमधील अभंग ऐकवायचे असतील, तर आधी त्या रेडिओला एफएमचा पट्टा आहे का, ते पाहावे. सांगली आकाशवाणी वर्षानुवर्षे मध्यम लहरींवर ऐकली गेली आहे, त्यामुळे ती ज्या रेडिओवर लागत असे, त्यावर एफएम लागेलच असे नाही. काट्याच्या रेडिओवर छापलेल्या आकड्यांवर विसंबू नये. ट्रान्समीटरवर अभंग चालू ठेवून काटा सावकाश फिरवावा आणि आवाज सर्वांत स्वच्छ येईल तेथे थांबवावा.