पेनी स्टॉकमध्ये मार्केट मेकर शोधताय? या चुका टाळा

पेनी स्टॉक आपटला की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला, "मार्केट मेकरने पाडला." पहिली चूक इथेच. मेन बोर्डवरच्या (म्हणजे एक्स्चेंजच्या मुख्य बाजारातल्या) तीन-चार रुपयांच्या शेअरला बीएसई-एनएसईने नेमलेला मार्केट मेकर नसतोच, तिथे खेळतो तो ऑपरेटर, म्हणजे भाव मुद्दाम वर-खाली करणारा, आणि त्याने तुम्हाला भाव द्यायलाच हवा असं काही नाही. खरा मार्केट मेकर एसएमई प्लॅटफॉर्मवर (छोट्या-मध्यम कंपन्यांच्या वेगळ्या बाजारात) असतो, बाजार नियामक सेबीच्या नियमाने लिस्टिंगनंतर किमान ३ वर्षं, आणि रोज बाजाराच्या ७५ टक्के वेळ तरी त्याला खरेदी-विक्री दोन्हीकडचे भाव लावून बसावं लागतं.

मग लोक म्हणतात, चला, एसएमईत घेणारा कायम उभा आहे, अडकायचं टेन्शन नाही. अहो, अडकता! २० कोटींपर्यंतच्या इश्यूत (लिस्टिंगच्या वेळच्या शेअरविक्रीत) त्याच्याकडे इश्यूच्या २५ टक्के माल जमला की खरेदीचा भाव न लावायची सूट त्याला नियमातच आहे, माल २४ टक्क्यांवर आला की परत लावायचा. म्हणजे सगळे विकायला धावतात, माल त्याच्याकडे साचतो आणि जेव्हा हा मार्केट मेकर सगळ्यात जास्त हवा असतो नेमका तेव्हाच तो बाजूला होतो, तेही कायद्यात राहून. शिवाय भाव लावायचा म्हणजे तुमच्या सोयीचा लावायचा असं थोडंच आहे? खरेदी ५२, विक्री ५६ असेल तर ५६ ला घेतल्या घेतल्या तुम्ही ७ टक्के खाली.

म्हणून असल्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकूच नका, लिमिट (आपण ठरवलेल्या भावाची) लावा, आणि शेवटचा सौदा कितीला झाला ते बघण्यापेक्षा डेप्थमध्ये (थांबलेल्या ऑर्डरींच्या यादीत) समोर किती क्वांटिटी आहे ते बघा.

अप्पर सर्किटला, म्हणजे भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला टेकण्याला, भुलणं ही तर सगळ्यात महागडी चूक. खरेदीला लाखो शेअर पेंडिंग दिसतात पण दिवसभरात सौदे झालेत दोन-चार हजारांचे, म्हणजे भाव तेवढ्यावरच वर नेलाय, आणि त्या पेंडिंग ऑर्डरी कधीही कॅन्सल होतात. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरचं आठवतंय ना? २०२२ मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ फिरले की अदानी ग्रुप कंपनी घेतोय, बातमी खोटी, छोटे लोक घुसले आणि त्याच गर्दीत आतल्यांनी माल काढला, मार्च २०२३ मध्ये सेबीची ऑर्डर आली. तोवर घेणारे घेऊन बसले होते.

आता लोअर सर्किटमध्ये (भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला, घेणाराच नाही) आधीच अडकला असाल तर? सर्किटच्याच भावाला विक्रीची लिमिट ऑर्डर लावा, आणि लवकर लावा, कारण एकाच भावाला आधी आलेल्याचा नंबर आधी लागतो. ब्रोकर आफ्टर मार्केट ऑर्डर घेत असेल तर रात्रीच टाकून ठेवा. नाही विकला गेला तर ऑर्डर संध्याकाळी रद्द होते, दुसऱ्या दिवशी परत टाकायची, कंटाळा करायचा नाही, कारण ५ टक्क्यांची दहा लोअर सर्किट लागली की १०० चे साधारण ६० होतात. आणि या काळात अ‍ॅव्हरेज करायला (खाली अजून घेऊन सरासरी भाव उतरवायला) जाऊ नका प्लीज, विकता न येणारा माल अजून वाढवून काय करणार?

घ्यायच्या आधी एक्स्चेंजच्या साइटवर शेअर एएसएम, जीएसएम (जादा देखरेखीच्या याद्या) किंवा ट्रेड-टू-ट्रेडमध्ये आहे का तेवढं चेक करा, ट्रेड-टू-ट्रेड असेल तर सकाळी घेतलेला दुपारी विकता येत नाही.