फरशीचा दर आणि मालाची खात्री : नूतनीकरणाची खरेदी कशी ठरवावी

सांगलीत जुन्या घराचे नूतनीकरण काढले की फरशीच्या खरेदीत हटकून एक पेच उभा राहतो. एक दुकानदार माल गोडाऊनमध्ये तयार असल्याचे सांगतो, पण त्याचा दर चढा असतो. दुसरा तीच किंवा तशीच टाइल चौरस फुटाला सात-आठ रुपयांनी स्वस्त देऊ करतो, मात्र ती गुजरातमधील मोरबीच्या कारखान्यांतून येणार असते आणि तिला दहा-बारा दिवस लागतील असे तो म्हणतो. पहिल्याला आपण महाग म्हणतो आणि दुसऱ्याला स्वस्त. प्रत्यक्षात महाग कोण आणि स्वस्त कोण हे त्या दोन आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी आधी आपल्या घरातील एका दिवसाच्या उशिराची किंमत काढावी लागते, आणि बहुतेक घरांत ती कोणी काढतच नाही.

त्याआधी दोन्ही दर एकाच पायावर आणून घ्यावेत. टाइल्सवर 18 टक्के जीएसटी आहे. एकाने 46 रुपये कर वगळून सांगितले आणि दुसऱ्याने 54 रुपये करासह सांगितले, तर पहिल्याचा दर कर धरून 54 रुपये 28 पैसे होतो, म्हणजे आठ रुपयांचा जो फरक वाटत होता तो मुळात नव्हताच. दुसरा मुद्दा पेटीचा. बाजारात जिला दोन बाय दोन म्हणतात ती टाइल 600 मिलिमीटरची असते आणि चार टाइल्सच्या पेटीवर 1.44 चौरस मीटर असे छापलेले असते. ते सुमारे साडेपंधरा चौरस फूट भरते. कोणी पेटी 16 चौरस फूट धरून हिशेब करत असेल, तर तीन टक्क्यांच्या आसपास फरक तिथेच पडतो. म्हणून चौरस फुटाचा दर विचारण्याऐवजी करासह एका पेटीचा दर विचारावा आणि एका पेटीत किती माल आहे ते पेटीवर वाचावे. शेवटी भाडे, हमाली आणि वरच्या मजल्यावर चढवण्याचे पैसे. पेटी साधारण पंचवीस ते तीस किलोची असते, त्यामुळे 65 पेट्या म्हणजे जवळजवळ दोन टनांचे ओझे झाले. ते छोट्या हत्तीच्या एका खेपेत येत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर ते चढवणे ही वेगळी मजुरी असते, जी दुकानातल्या कोटेशनमध्ये बहुधा नसते.

एवढे करूनही फरक उरला, तर उशिराचा हिशेब मांडावा. समजा, घराला तूटफूट आणि कडेची स्कर्टिंग धरून 1000 चौरस फूट माल लागणार आहे आणि दोन्ही दरांत खरोखरच आठ रुपयांचे अंतर आहे, म्हणजे एकूण बचत 8000 रुपयांची आहे. काम चालू असेपर्यंत कुटुंब विश्रामबागेत 9000 रुपये भाड्याने राहत आहे, म्हणजे दिवसाला 300 रुपये झाले. कामावर लक्ष ठेवायला घरातले कोणी रजा काढत असेल किंवा दुकान बंद ठेवत असेल, सामानाच्या राखणीला माणूस ठेवला असेल, सुताराने मापे घेऊन ठेवली असूनही तो हात लावू शकत नसेल, तर त्याचेही काहीतरी मोल धरावे. आपण ते 400 रुपये धरू. म्हणजे एका दिवसाच्या उशिराचे 700 रुपये झाले. 8000 भागिले 700 केले की उत्तर साधारण साडेअकरा येते. स्वस्त माल कबूल केलेल्या तारखेनंतर अकरा दिवसांच्या आत आला तर तो खरोखर स्वस्त ठरला, आणि बारा दिवस उलटले की तोच महाग पडला. प्रत्येकाने हे आकडे आपल्या घराचे घालावेत. ज्यांचे कुटुंब त्याच घरातल्या दुसऱ्या खोल्यांत राहू शकते, त्यांचा रोजचा आकडा फार लहान येईल, आणि त्यांनी खुशाल थांबावे.

या हिशेबात एक गोष्ट मात्र सरळ बेरजेने धरता येत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. फरशी बसवणारे कारागीर आपल्यासाठी मोकळे बसून राहत नाहीत. माल ठरलेल्या दिवशी आला नाही की ते मिरजेत किंवा कुपवाडला दुसरे काम धरतात, आणि ते काम संपवूनच परत येतात. त्यामुळे मालाला पाच दिवस उशीर झाला की काम पंधरा दिवसांनी मागे पडते. त्यांच्यामागे रंगारी, सुतार, प्लंबर यांच्या तारखा सरकतात. म्हणून दुकानदार जेव्हा चार-सहा दिवस इकडेतिकडे होतील असे सांगतो, तेव्हा आपल्या मिस्त्रीला त्याच दिवशी विचारावे की चार दिवस उशीर झाला तर तुम्ही कधी मोकळे व्हाल. तो जे उत्तर देईल, तो आपला खरा उशीर असतो.

उशीर कुठे होतो हे समजून घेतले, तर प्रश्नही नेमके विचारता येतात. मोरबी ते सांगली हे अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे, तरी भरलेला ट्रक निघाला की पुणे, सातारा, कऱ्हाड करत तीन-चार दिवसांत पोहोचू शकतो. वेळ जातो तो त्याच्या आधी. लहान दुकानदाराची मागणी पूर्ण गाडीची नसते, त्यामुळे इतर दुकानांची मागणी जमून गाडी भरेपर्यंत आपला माल तिथेच थांबतो. त्याहून मोठा खोळंबा उत्पादनाचा असतो : कारखान्यात एक डिझाइन सलग काही काळ काढून मग दुसरे लावतात, आणि आपण निवडलेले डिझाइन शिल्लक नसेल तर ते पुन्हा लागेपर्यंत वाट पाहण्याशिवाय उपाय नसतो. तेव्हा 'माल कधी येईल' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. माल कारखान्यात तयार आहे का, त्याचा बॅच क्रमांक, म्हणजे एका वेळी काढलेल्या मालाचा क्रमांक, कोणता, आपल्याला लागतात तेवढ्या पेट्या एकाच बॅचमध्ये आहेत का, आणि गाडी पूर्ण आपल्या दुकानदाराची आहे की वाटणीची, हे चार प्रश्न विचारावेत. ज्याला कारखान्याशी बोलून बॅच क्रमांक सांगता येतो, त्याच्या दहा दिवसांना अर्थ आहे. ज्याला तो सांगता येत नाही, त्याला माल अजून शोधायचाच आहे असे आपण समजावे.

गोडाऊनमध्ये माल आहे असे सांगणाऱ्यालाही हेच प्रश्न लागू होतात. 65 पेट्या हव्या असताना गोडाऊनमध्ये 40 एका शेडच्या, म्हणजे रंगछटेच्या, आणि 25 दुसऱ्या शेडच्या असतील, तर खात्री अर्धीच आहे, कारण एकाच नावाच्या टाइलच्या दोन बॅचमध्ये रंगाचा आणि कधी कधी मापाचाही बारीक फरक असतो. तो हातात दिसत नाही, पण बसवल्यावर उजेडात उठून दिसतो. म्हणून स्वतः गोडाऊनवर जाऊन पेट्या मोजाव्यात, शेड आणि बॅच पाहावी, आणि पैसे देताना त्या पेट्यांवर आपले नाव टाकून घ्यावे.

आता या दोन टोकांच्या मध्ये एक मार्ग आहे, आणि शक्य असेल तिथे मी तोच सुचवीन : वेळ हाताशी ठेवून माल आधी मागवावा आणि तो घरात उतरल्याशिवाय जुनी फरशी उखडू नये. उशिराची किंमत सुरू होते ती फरशी उखडल्याच्या दिवसापासून. तोपर्यंत माल महिनाभर उशिरा आला तरी कुटुंब आपल्या घरात राहत असते आणि कारागीर ठरवलेलेच नसतात. टाइलला ऊनपाणी लागत नाही, त्यामुळे पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली पेट्या उभ्या रचून ठेवता येतात. फक्त पुठ्ठा भिजू देऊ नये, कारण शेड आणि बॅच क्रमांक पेटीवर असतो, टाइलवर नसतो. ज्याच्याकडे अशी जागा आणि दीड-दोन महिन्यांचा अवधी आहे, त्याने स्वस्त दर निर्धास्तपणे घ्यावा. ज्याचे घर आधीच उखडलेले आहे, त्याने गोडाऊनमधला माल घ्यावा आणि चौरस फुटामागच्या आठ रुपयांची हळहळ करू नये.

सगळे घर एकाच पद्धतीने घ्यावे असेही नाही. हॉल, स्वयंपाकघर आणि झोपण्याच्या खोल्या यांच्यावर पुढची सगळी कामे अवलंबून असतात. तिथे खात्रीला पैसे मोजावेत. गच्ची, पार्किंग, मागचे अंगण ही कामे शेवटी होतात आणि थांबली तरी राहायला अडत नाही. तिथला माल स्वस्तातला आणि सावकाश येणारा चालतो. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे दगड सांगली-मिरजेच्या व्यापाऱ्यांकडे सहसा साठ्याला असतात, म्हणून अशा जागांसाठी त्यांचा विचार करण्यासारखा आहे. मात्र नैसर्गिक दगडात लॉट बदलला की छटा बदलते, तेव्हा लागणारा सगळा दगड एकदमच उचलावा, आणि कोट्याला पॉलिशचे दिवस वेगळे धरावेत.

तारीख ठरलेली असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो. घरात लग्न आहे, वास्तुशांत काढली आहे, किंवा गौरी-गणपती नव्या घरात आणायचे आहेत, तर सरासरी उशीर पाहून चालत नाही, वाईटात वाईट काय होईल ते पाहावे लागते. एखाद्याचा माल चारपैकी तीन वेळा वेळेवर येतो आणि चौथ्या वेळी महिनाभर रखडतो असे गृहीत धरले, तर सरासरी उशीर साडेसात दिवसांचा, म्हणजे वरच्या उदाहरणात 5250 रुपयांचा होतो आणि कागदावर तो दुकानदार परवडतो. परंतु आपण चार घरे बांधत नसतो. ती चौथी वेळ आपल्या वाट्याला आली, तर 21,000 रुपये जातात आणि लग्नाचे पाहुणे कुठे उतरवायचे हा प्रश्न उरतोच.

हंगामही पाहावा. दिवाळीत गुजरातमधील व्यवहार लाभपंचमीपर्यंत थंडावतात आणि कामगार गावाहून परतून उत्पादन सुरळीत व्हायला त्यानंतरही वेळ जातो. दसऱ्यानंतर नोंदवलेला माल दिवाळीनंतरच येईल असे धरून चालावे. श्रावणातील सातम-आठमच्या, म्हणजे जन्माष्टमीच्या, सुट्टीतही सौराष्ट्रात काम मंदावते. 2022 साली तर गॅसच्या दरवाढीमुळे मोरबीतील अनेक कारखान्यांनी ऑगस्टच्या सुमारास उत्पादनच थांबवले होते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टला कृष्णेचा विचार करावा लागतो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले होते, तर धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या दिवसांत शहराकडे येणारे रस्तेही पाण्याखाली होते. म्हणून पावसाळ्यात माल राखून ठेवायचा असेल, तर गोडाऊन सखल भागात आहे की उंचावर, हे विचारून घ्यावे. पितृपंधरवड्यात अनेक जण खरेदी टाळतात; ज्यांना तसे पाळायचे नाही, त्यांना त्या दिवसांत दराची आणि तारखेची बोलणी करायला जास्त वाव मिळतो.

व्यवहार ठरला की तो कागदावर यावा. टाइलचे नाव, माप, शेड, पेट्यांची संख्या, एकच बॅच, करासह दर, पोहोच कुठे आणि कोणाच्या खर्चाने, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सर्व ऑर्डरवर लिहून घ्यावे. त्यात आणखी एक वाक्य आग्रहाने घालावे : अमुक तारखेपर्यंत माल न आल्यास ऑर्डर रद्द करून संपूर्ण ॲडव्हान्स परत मिळेल. हे वाक्य लिहून द्यायला जो तयार होतो, त्याच्या शब्दावर मी अधिक विश्वास ठेवीन. ॲडव्हान्स कमीत कमी द्यावा आणि मोठी रक्कम माल उतरल्यावर द्यावी. सगळे पैसे आधी दिले की तारखेसाठी आग्रह धरायला आपल्या हातात काही राहत नाही. कच्च्या बिलावर कर वाचवून देण्याची तयारी कोणी दाखवली, तर ती नाकारावी, कारण माल आला नाही किंवा वेगळा आला तर खरेदी सिद्ध करायला पुरावा उरत नाही.

गाडी आली की हमालांनी पेट्या आत नेण्याआधी प्रत्येक पेटीवरची शेड आणि बॅच ऑर्डरशी ताडून पाहावी, कोपरे फुटलेल्या पेट्या बाजूला काढाव्यात, आणि कमी किंवा फुटका माल डिलिव्हरी चलनावर लिहूनच सही करावी. चार-पाच पेट्या उघडून जमिनीवर शेजारी शेजारी मांडाव्यात. एकदा बसवलेली टाइल परत घ्यायला कोणीही राजी होत नाही. बसवून उरलेल्या दोन-तीन पेट्या परत न करता लेबलसह जपून ठेवाव्यात, कारण पुढे एखादी टाइल फुटली तर तीच बॅच पुन्हा मिळत नाही.

इतके करूनही माल आला नाही आणि ॲडव्हान्सही परत मिळत नसेल, तर आधी लेखी मागणी करावी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे दुकान पुण्यातले असले तरी सांगलीच्या ग्राहकाला पुण्याला जावे लागत नाही. मालापोटी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.