व्हीलचेअरवरून गोव्यात बाहेर जेवायला जाताना

गोव्यात मासळीचे जेवण कुठे चांगले मिळते हे कोणीही सांगू शकते. व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला मात्र त्याआधी दाराची आणि पायऱ्यांची चौकशी करावी लागते, आणि ती फोनवर नेमक्या शब्दांत केली तरच उपयोगी पडते. "व्हीलचेअर आत येईल का?" असे विचारल्यास अनेकदा "येईल, आमची मुले उचलतील" असे उत्तर मिळते. ते मनापासून दिलेले असते, परंतु माणसासह खुर्ची उचलणे धोक्याचे आहे, आणि बॅटरीवरच्या जड खुर्चीच्या बाबतीत तो विचारही करू नये. म्हणून रस्त्यापासून टेबलापर्यंत पायऱ्या किती, त्यांतील सर्वांत उंच किती इंचांची, दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती राहते आणि शौचालय त्याच मजल्यावर आहे का, हे चार प्रश्न विचारावेत. आपल्या खुर्चीची रुंदी आधीच मोजून ठेवावी आणि चाके ढकलणाऱ्या हातांसाठी दोन्ही बाजूंना थोडी जागा धरावी. शक्य असल्यास व्हॉट्सॲपवर दाराचा आणि शौचालयाचा फोटो मागवावा, कारण रोज त्या पायरीवरून ये-जा करणाऱ्याला ती पायरी वाटतच नाही.

पणजीतील फोंतेन्यससारख्या जुन्या वस्तीतील घरांची जोती उंच असतात, त्यामुळे तिथे बाहेर अंगणात किंवा रस्त्याच्या पातळीवर टेबल मिळेल का, हे विचारणे अधिक शहाणपणाचे. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे वाळूतल्या तात्पुरत्या खानावळीत, अडचण पायऱ्यांची नसून वाळूची असते: पुढची लहान चाके रुततात. रस्त्यापासून शॅकपर्यंत फळ्यांची वाट आहे का, याची खात्री करावी. खुर्ची मागे कलवून उलटी ओढल्यास मोठी चाके वाळूत कमी अडकतात, पण ते थोड्याच अंतरापुरते जमते.

रॅम्प आहे एवढ्यावर समाधान मानू नये. 1:12 हा उतार मान्य आहे, म्हणजे 15 सेंटीमीटरच्या पायरीसाठी रॅम्प किमान 1.8 मीटर लांब हवा. दारात टेकवलेली आखूड फळी रॅम्प म्हणून स्वीकारू नये. हाताने चालवायच्या खुर्चीसाठी एकच बुटकी पायरी असेल, तर मदतनीसाने खुर्ची मागे कलवून पुढची चाके वर टेकवावीत आणि मग मोठी चाके कडेला लावून पुढे ढकलावे. उतरताना खुर्ची उलटी फिरवून मोठी चाके आधी, सावकाश खाली आणावीत. खुर्चीचा पायटेकू (पाय ठेवायचा भाग) आणि काढता येणारे हात धरून ती उचलू नये, हे वेटरला आधीच स्पष्ट सांगावे.

टेबल निवडताना त्याच्या खाली पाहावे. गुडघे आत जाण्यासाठी सुमारे 70 सेंटीमीटर मोकळी उंची लागते. मध्यभागी जाड खांब किंवा खाली आडवी पट्टी असेल तर पायटेकू अडतो आणि ताट हातभर दूर राहते. कडेचे टेबल मागावे, तिथली एक खुर्ची काढायला सांगावी, आणि दुपारच्या गर्दीआधी बारापर्यंत पोहोचावे. गरम हुमणाची (माशांच्या आमटीची) वाटी किंवा ताट मांडीवर घेऊ नये. ज्यांच्या पायांना संवेदना कमी आहे, त्यांना भाजल्याचे उशिरा कळते आणि जखम खोल होते.

शौचालयाचे दार बाहेर उघडणारे असले तर आत वळायला जागा मिळते. ते वापरण्याजोगे नसेल, तर पाणी कमी पिऊन दिवस काढण्यापेक्षा जागा बदलावी. तहान मारण्याने मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवू शकतो.

वेटर सोबतच्या व्यक्तीला "यांना काय हवे?" असे विचारू लागला, तर ऑर्डर आपणच द्यावी, सोबत्यांनीही त्या वेळी गप्प राहावे, ही त्यांना विनंती आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात सर्वांसाठी खुल्या असलेल्या खासगी इमारतीही येतात, म्हणून रॅम्प मागणे ही मेहेरबानी मागणे नव्हे. मालकाला आधी शांतपणे आणि मापांसह लेखी कळवावे. त्याने दखल घेतली नाही, तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते; तिच्यासोबत दाराचे, पायरीचे फोटो आणि भेटीची तारीख जोडावी.