योक्टोमध्ये एका ओळीसाठी अख्खी इमेज बेक करत बसू नका

योक्टो म्हणजे छोट्या बोर्डांसाठी स्वतःचं लिनक्स बनवायचा टूलसंच, बिटबेक हा त्यातला बिल्ड करणारा प्रोग्राम, आणि इमेज म्हणजे त्यातून निघणारी, बोर्डवर टाकायची अख्खी सिस्टम. योक्टोचे बहुतेक ट्युटोरियल 'बिटबेक कोअर-इमेज-मिनिमल' मारून लॉगिन प्रॉम्प्ट आला की संपतात. पुढे काय? तर आता त्यात आपला स्वतःचा प्रोग्राम घालायचाय, कर्नलमधला एखादा ड्रायव्हर चालू करायचाय, आणि दर वेळी एक ओळ बदलून इमेज बनव, कार्ड काढ, फ्लॅश कर, परत घाल असं करत बसलात तर संध्याकाळपर्यंत हाताला काही लागत नाही.

मी योक्टोचं स्कार्थगॅप रिलीज धरून लिहितोय, म्हणजे ५.०, एप्रिल २०२४ ची एलटीएस (जास्त काळ सपोर्टवाली आवृत्ती). पण आधी बोर्डवाल्या कंपनीचा बीएसपी लेयर (त्या बोर्डच्या हार्डवेअरसाठीच्या रेसिपींचा संच; रेसिपी म्हणजे एखादा प्रोग्राम कसा बनवायचा ते सांगणारी फाईल) कुठल्या ब्रँचवर आहे ते बघा आणि मग रिलीज ठरवा, उलटं नको. पोकी (योक्टोचा मूळ संच) स्कार्थगॅपचा आणि बीएसपी किर्कस्टोन या जुन्या रिलीजचा असं केलंत तर बिटबेक लेयर जुळत नाही म्हणून सुरुवातीलाच हात वर करतो.

मशीनवर शंभर-दीडशे जीबी एसएसडी मोकळी ठेवा. उबुंटू २४.०४ असेल तर युजर नेमस्पेसवरून एरर येईल, तो ॲपआर्मरचा उद्योग आहे, बिटबेकसाठी वेगळं प्रोफाइल टाकलं की जातो. विंडोजवर डब्ल्यूएसएल वापरत असाल तर सोर्स लिनक्सच्या बाजूला ठेवा, सी ड्राइव्हवर अजिबात नको. आणि डाउनलोड फोल्डर आणि एसस्टेट (आधी बनवलेल्या भागांचा साठा) हे दोन्ही बिल्ड फोल्डरच्या बाहेर काढा, म्हणजे बिल्ड फोल्डर उडवला तरी पुढचा बिल्ड तासांऐवजी मिनिटांत होतो.

आता लोकल कॉन्फ, म्हणजे बिल्ड फोल्डरमधली सेटिंग्जची फाईल. नवीन माणूस सगळं त्यातच कोंबतो, पॅकेजं, पासवर्ड, डिस्ट्रोच्या सेटिंग्ज, आणि ती फाईल सहसा गिटमध्येच नसते, त्यामुळे एकाच्या लॅपटॉपवर चालतं आणि शेजारच्याच्या नाही. 'बिटबेक-लेयर्स क्रिएट-लेयर' मारून स्वतःचा लेयर करा, त्यात स्वतःची डिस्ट्रो फाईल आणि स्वतःची इमेज रेसिपी ठेवा, लोकल कॉन्फमध्ये फक्त तुमच्या मशीनपुरत्या गोष्टी. कुठला लेयर कुठल्या कमिटवर हे कास नावाच्या टूलच्या यॅमल फाईलमध्ये बांधून टाका.

रोजचं काम डेवटूलवर, म्हणजे एकेका रेसिपीवर काम करायच्या योक्टोच्याच टूलवर. समजा सेन्सर वाचणारा एक छोटा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) आहे, रेसिपी केलेली आहे, आणि त्यात एक बग सापडलाय. 'डेवटूल मॉडिफाय' आणि पुढे रेसिपीचं नाव, की वर्कस्पेसमध्ये त्याचा सोर्स गिट रिपॉझिटरी म्हणून उघडतो. एडिट करा, 'डेवटूल बिल्ड' करा, मग 'डेवटूल डिप्लॉय-टार्गेट' ला रेसिपीचं नाव आणि बोर्डचा पत्ता द्या, एसएसएचवरून नवीन बायनरी थेट बोर्डवर जाऊन बसते. ना इमेज, ना कार्ड. नको झालं तर 'अनडिप्लॉय-टार्गेट'.

फक्त दोन गोष्टी: इमेजमध्ये एसएसएच सर्व्हर हवा, ड्रॉपबेअर पुरतो, आणि रूट फाईलसिस्टम रीड-ओन्ली नको. शिवाय डिप्लॉय फक्त त्याच रेसिपीच्या फाइल्स नेतं, नवीन लायब्ररी लागत असेल तर ती आपोआप जात नाही, मग 'शेअर्ड लायब्ररी सापडत नाही' बघून लोक उगाच कोड चाळत बसतात.

बोर्ड हातात नसेल तरी अडत नाही. मशीन क्यूईएमयू-आर्म६४ (कॉम्प्युटरवरच बोर्डची नक्कल चालवणारा एम्युलेटर) ठेवून 'रनक्यूईएमयू नोग्राफिक स्लर्प' चालवा, सुडोसुद्धा लागत नाही, २२२२ पोर्टवर एसएसएच मिळतं आणि डिप्लॉयला तोच पोर्ट द्यायचा. जीपीआयओ (बोर्डच्या पिन) वगैरे तिथे तपासता येणार नाही, पण निम्म्याहून जास्त बग हार्डवेअरशी संबंध नसलेलेच असतात.

बदल जमला की गिटमध्ये कमिट करा आणि मगच 'डेवटूल फिनिश', त्याला आपला लेयर द्या. कमिट न करता केलंत तर तो अडवतो, आणि तिथे फोर्सचा ऑप्शन लावणं म्हणजे आपलंच काम आपण मागे सोडून पुढे जाणं. फिनिश तुमच्या कमिटचे पॅच करून रेसिपीला जोडतो. दुसऱ्याच्या सोर्ससाठी हे बरोबर, पण डीमन आपलाच असेल तर पॅचचा ढीग कशाला, आपल्या रिपॉझिटरीत पुश करा आणि रेसिपीतला एसआरसीरेव्ह (कुठला कमिट घ्यायचा ते) पुढे न्या.

कर्नलचं थोडं वेगळं. मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे ऑप्शन निवडायच्या मेन्यूत) टिकमार्क केलं आणि चाललं, पण ते बिल्ड फोल्डरमधल्या कॉन्फिगमध्येच राहतं, क्लीन केलं की गेलं. म्हणून लगेच 'डिफकॉन्फिग' चालवून फ्रॅगमेंट (फक्त बदललेल्या ऑप्शनची छोटी फाईल) काढा आणि बीबीअपेंडमधून (मूळ रेसिपीला आपल्या लेयरमधून भर घालणारी फाईल) जोडा. कंपनीच्या कर्नल रेसिपीने कर्नल-योक्टो क्लास घेतलेला नसेल तर फ्रॅगमेंट गुपचूप दुर्लक्षित होऊ शकतो, त्यामुळे तयार झालेल्या कॉन्फिगमध्ये ऑप्शन खरंच आलाय का ते ग्रेप मारून बघा.

जुन्या उदाहरणांवरून कॉपी-पेस्ट करताना अंडरस्कोर बघा. ऑक्टोबर २०२१ च्या होनिस्टर रिलीजपासून ओव्हरराइडला (ठराविक मशीन वगैरेपुरती सेटिंग बदलणं, किंवा अपेंडने तिला भर घालणं) अंडरस्कोरऐवजी कोलन लागतो. अंडरस्कोरवालं अपेंड दिसलं तर बिटबेक निदान ओरडतो, पण मशीनच्या नावाचं ओव्हरराइड जुन्या पद्धतीनं लिहिलंत तर चकार शब्द काढत नाही, ती ओळ नसल्यासारखीच असते. आणि अपेंडच्या अवतरणात सुरुवातीला स्पेस द्या, नाहीतर आधीच्या पॅकेजचं नाव आणि तुमचं नाव चिकटून तिसरंच पॅकेज शोधलं जातं.

टेस्टरला द्यायची इमेज मात्र डेवटूलचा वर्कस्पेस लेयर असलेल्या बिल्डमधून कधीच काढू नका. 'डेवटूल स्टेटस' रिकामं आहे का बघा, किंवा सरळ दुसऱ्या बिल्ड फोल्डरमध्ये कासची फाईल चालवा, एसस्टेट तेच असल्यामुळे फार वेळ जात नाही, आणि त्यातून निघालेली विक फाईल (तयार डिस्क इमेज) बीमॅपटूल या कार्ड लिहायच्या टूलने कार्डवर टाका.