वाईत एक दिवस, नदीच्या उलट दिशेने

पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या बहुतेक जोडप्यांच्या लेखी वाई म्हणजे पसरणी घाट चढण्यापूर्वी चहासाठी थांबण्याचे गाव असते. सुट्टीचा एक अख्खा दिवस वाईलाच द्यायचा ठरवल्यास तो कृष्णेच्या प्रवाहाच्या उलट दिशेने आखावा: सकाळी वाईचे घाट, दुपारी मेणवली आणि उन्हे उतरताना धोम. मेणवली वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर आहे आणि धोम त्याच बाजूला थोडे पुढे, त्यामुळे दिवसभरात परत फिरावे लागते ते फक्त शेवटी.

वाई साताऱ्याहून सुमारे ३५ आणि पुण्याहून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. महामार्गावरील सुरूर फाट्याला वळले की थोड्याच वेळात गाव लागते. एसटीने येणाऱ्यांनी वाईतील देवळे पायीच पाहावीत आणि मेणवली-धोमसाठी रिक्षा येण्याजाण्याचे व थांबण्याचे पैसे आधी ठरवून घ्यावी. स्वतःची गाडी असल्यास ती घाटाजवळच्या गल्लीत नेण्याचा हट्ट धरू नये, अलीकडेच लावून चालत जावे. पायात सहज काढता-घालता येतील अशा चपला असाव्यात, कारण दिवसभर दर अर्ध्या तासाला त्या काढाव्या लागतात.

सकाळी लवकर गणपती आळीच्या घाटावर यावे. ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. अखंड पाषाणातील भव्य मूर्तीचे दर्शन घेऊन बहुतेक लोक तिथूनच परततात, परंतु मंदिराला वळसा घालून मागची भिंत पाहिल्याशिवाय निघू नये. ही भिंत सपाट नाही. ती माशाच्या आकारासारखी निमुळती होत गेली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा या धारेवर दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी निघून जावा, हा त्यामागचा हेतू. नदीपात्राला इतके लगटून देऊळ बांधायचे, तर पुराशी सामना करण्याऐवजी त्याला वाट काढून देण्याचा हा विचार मला मूर्तीच्या भव्यतेइतकाच मोठा वाटतो. संकष्टीच्या दिवशी येथे गर्दी असते, त्यामुळे निवांतपणा हवा असेल तर ती तिथी टाळावी.

शेजारीच काशीविश्वेश्वराचे मंदिर आहे, आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये बांधलेले. त्यातील नंदीजवळ दहा मिनिटे तरी थांबावे आणि त्याच्या गळ्यातील माळा व घंटा जवळून पाहाव्यात. दगडाची घोटाई इतकी सफाईदार आहे की ते अलंकार वेगळे करून वर घातल्यासारखे दिसतात. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच रास्ते घराण्यातील, हे ठाऊक असले म्हणजे एवढ्याशा गावात इतके बांधकाम कसे उभे राहिले याचा थोडा उलगडा होतो. जोडीतील एकाला कोरीवकाम न्याहाळायचे असते आणि दुसऱ्याला पायरीवर नुसते बसायचे असते. येथे दोघांनी खुशाल वेगळे व्हावे, घाट काही इतका मोठा नाही की चुकामूक होईल.

त्यानंतर घाटाघाटाने आळ्या पाहत जावे. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह अशी नावे लागतात आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून या आळ्या आपापला कृष्णाबाईचा उत्सव पाळीपाळीने साजरा करतात. त्या काळात आल्यास घाटावरचे मांडव आणि पालखी पाहायला मिळते. वाचनाची आवड असणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्या प्राज्ञपाठशाळेत घडले ती याच गावातली, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कामही येथूनच चालले.

जेवण वाईतच उरकून घ्यावे, कारण पुढे पर्याय कमी आहेत. पिठले-भाकरी किंवा साधी थाळी पुरते. फार जड जेवल्यास मेणवलीच्या पायऱ्या नकोशा होतात.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागे नदीवर चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आहे. वाडा खासगी मालकीचा असल्यामुळे देखरेख करणाऱ्यांना विचारूनच आत जावे. आतील चौक, लाकडी खांब आणि भिंतींवरची जुनी चित्रे सावकाश पाहावीत, पण चित्रांना हात लावू नये. घाटावर उतरल्यावर देवळांजवळच्या छोट्या बांधकामात टांगलेली घंटा पाहावी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधील ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे, आणि ती टांगलेली आहे महादेव व विष्णू यांच्या देवळांच्या सहवासात. या घाटावर लग्नाआधीची छायाचित्रे काढणाऱ्यांची वर्दळ फार असते. सुट्टीच्या दिवशी कोणाच्या तरी चौकटीत आपण दोघे येणारच, हे गृहीत धरून एखादी कडेची पायरी गाठावी.

धोमला धरणापेक्षा देवळे पाहण्यासाठी जावे. धौम्य ऋषींशी नाते सांगणाऱ्या या गावात महादेवाच्या मंदिरासमोरचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसवला आहे आणि भोवतीचे कुंड कमळाच्या आकाराचे आहे. कुंडात पाणी असेल तेव्हा कासव तरंगत असल्याचा भास होतो. कोरडे असेल तर पाकळ्यांची रचना अधिक स्पष्ट दिसते. जवळच नरसिंहाचे मंदिरही आहे.

हा बेत पावसाळा ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत आखावा. भर पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू असला की वाईच्या घाटावरील देवळांतही पाणी शिरते, आणि पाणी उतरल्यानंतरही पायऱ्यांवर शेवाळ राहते. अशा वेळी काठाच्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर जाऊच नये. रविवारी महाबळेश्वरहून उतरणारी वाहने संध्याकाळी सुरूरच्या रस्त्यावर दाटतात, म्हणून धोमहून अंधार पडण्यापूर्वी निघावे. एसटीने परतणाऱ्यांनी शेवटच्या गाडीची वेळ सकाळी उतरल्यावरच वाई स्थानकावर विचारून ठेवावी.