आई-बाबांचा जुना डेस्कटॉप पुन्हा कामाला लावताना

इंटेलचा थर्ड जनरेशनचा आय-थ्री प्रोसेसर, एच-61 मदरबोर्ड, 4 जीबी रॅम, 500 जीबी हार्ड डिस्क. 2012-13 च्या सुमारास घेतलेलं असं मशीन अजून बऱ्याच घरांत झाकून ठेवलेलं सापडतं. बाबांना बँकेचं स्टेटमेंट, ई-पेपर आणि सोसायटीची पत्रं एवढंच लागत असेल, तर प्रोसेसरला हात लावू नका. मशीन रखडतं ते बहुतेक वेळा हार्ड डिस्कमुळे.

पण आधी डेटा. डिस्क चालतेय तोवर फोटो आणि कागदपत्रं बाहेर कॉपी करून घ्या. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे फोल्डर हमखास विसरले जातात. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली मराठी पत्रं असतील तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्टही घ्या. ती पत्रं युनिकोडमध्ये नसतात, त्यामुळे फॉन्ट गेला की समोर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते.

कॅबिनेट उघडण्याआधी बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारा सेटिंगचा स्क्रीन) जाऊन साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, आयडीई आहे की एएचसीआय, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मदरबोर्डवरचा गोल सेल काढला की सेटिंग मूळपदावर जातं, मोड बदलतो आणि जुनं विंडोज सुरू होताना निळा स्क्रीन येतो. मग लोक डिस्क गेली म्हणून हळहळत बसतात.

आता प्लग काढा आणि पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशने काढा. ब्लोअर मारायचा तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) उघडायचा नाही, आत चार्ज राहतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर (छोट्या उभ्या डब्या) डोक्यावर फुगलेले दिसले तर मात्र पुढचा खर्च करण्यात अर्थ नाही.

रॅम काढून सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबराने पुसा, कॅबिनेटपासून लांब, म्हणजे रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडणार नाही. बटण दाबल्यावर नुसते बीप येऊन स्क्रीन काळा राहतो, ती तक्रार पुष्कळदा एवढ्यानेच मिटते. सोबत 4 जीबीची आणखी एक डीडीआर-3, 1600 मेगाहर्ट्झची पट्टी लावा. लॅपटॉपची लहान पट्टी इथे बसत नाही. तारीख दर वेळी मागे जात असेल तर सीआर 2032 सेल बदला. घड्याळ चुकलं की बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते आणि दोष बिचाऱ्या इंटरनेटला लागतो.

हीटसिंक (प्रोसेसरवरचा पंख्यासह थंड करणारा ठोकळा) काढलाच तर त्याखालची जुनी थर्मल पेस्ट पूर्ण पुसून नवी वाटाण्याएवढी लावा. इंटेलच्या हीटसिंकच्या चार पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने, 'टक्' आवाज येईपर्यंत दाबायच्या. एक जरी अर्धवट राहिली तरी मशीन तापून आपोआप बंद पडतं.

240 किंवा 256 जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) पुरे. या बोर्डवर साटाचा वेग 3 जीबीपीएसच आहे, त्यामुळे महागडी घेऊ नका, साधीनेही फरक डोळ्यांना दिसतो. साटा मोड आता एएचसीआय करा. नवी ऑपरेटिंग सिस्टिम इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटलोडर (मशीन सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) तिच्यावर जाऊन बसतो आणि ती डिस्क मेली की नवीही सुरू होत नाही.

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा किमान एट्थ जनरेशनचा प्रोसेसर लागतो. जुगाड करून टाकता येतं, पण आई-बाबांच्या मशीनवर जुगाड म्हणजे काही बिघडलं की आपल्यालाच फोन. टॅलीसारखं विंडोजवरच चालणारं काही लागत नसेल तर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. 8 जीबीचा पेन ड्राइव्ह लागेल. आधी त्यावरूनच सुरू करून आवाज, इंटरनेट आणि प्रिंटर तपासा. प्रिंटर चालला नाही तर इन्स्टॉलच्या बटणाला हात लावू नका, आधी त्याचा ड्रायव्हर शोधा.

सगळं बसल्यावर कॉपी केलेले फॉन्ट टाका, ब्राउझरचा झूम 125 टक्के करा आणि मराठी कीबोर्ड जोडा. बाबांचा हात टाइपरायटरवर बसलेला असेल तर टाइपरायटरसारखा रेमिंग्टन लेआउट द्या, वेगळ्या मांडणीचा इनस्क्रिप्ट त्यांच्या गळी उतरवू नका.