इंग्लंडमधले खंदकवाले वाडे कसे शोधायचे (आणि सापडल्यावर काय करायचं नाही)

खंदकवाला वाडा म्हटलं की सगळे केंटमधल्या आयटम मोट (Ightham Mote) या वाड्याला जातात, तिकीट काढतात, फोटो काढतात, झालं. आहेच तो सुंदर, पण इंग्लंडमधे अशा साधारण ६,००० जागा नोंदलेल्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी वाडा कधीच गेलाय, उरलाय फक्त चौकोनी चर. खरी मजा त्या शोधण्यात आहे.

आधी ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) १:२५,००० नकाशा घ्या. त्यात मध्ययुगीन अवशेषांची नावं गॉथिक वळणाच्या अक्षरात छापतात, त्या अक्षरात 'मोट' (Moat, म्हणजे खंदक) दिसलं की समजायचं. सफक, एसेक्स, वॉरिकशर धरा, तिथल्या चिकणमातीत पाणी टिकतं म्हणून भरपूर आहेत. मग एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा लायडार डेटा (विमानातून लेझरने मोजलेले जमिनीचे चढउतार) बघा, फुकट आहे, नांगरून जवळपास सपाट झालेला खंदकही त्यात उमटतो.

शक्यतो हिवाळ्यात जा, गवत खुरटं आणि ऊन तिरपं असतं त्यामुळे उंचसखल नीट दिसतं. मधला उंचवटा, आत जायची मातीची वाट, पाणी आणणारा पाट आणि जवळपास मासे पाळायची तळी, एवढं शोधायचं. बहुतेक खंदक १२५० ते १३५० च्या दरम्यानचे, आणि मला विचाराल तर शत्रूला अडवण्यापेक्षा शेजाऱ्यावर छाप पाडायलाच जास्त खणलेले. जमीन खाजगी असते हां, सार्वजनिक पायवाट सोडून आत शिरायचं तर मालकाला विचारा.

आता संरक्षण. हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या साइटवर नॅशनल हेरिटेज लिस्टमधे (संरक्षित जागांची यादी) जागा आहे का बघा. 'शेड्यूल्ड' (संरक्षित प्राचीन स्मारक) असेल तर १९७९ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागतो, म्हणजे खणणं, भराव घालणं याला सरकारी परवानगी हवी आणि मेटल डिटेक्टर तर हिस्टॉरिक इंग्लंडच्या लायसन्सशिवाय चालवायचाच नाही, जागा स्वतःची असली तरी. यादीत नसेल तर काउंटीच्या हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्डवाल्यांना (तिथल्या पुरातत्त्वीय जागांची नोंद ठेवणारे) कळवा.

सगळ्यात जास्त वाट लागते ती 'साफसफाई'मुळे. तळाच्या ओल्या गाळात हवा पोचत नाही म्हणून लाकूड, चामडं, बिया, परागकण शेकडो वर्षं टिकतात, आणि कोणीतरी तळं छान दिसावं म्हणून जेसीबी लावून तो गाळ काठावर टाकतो, मग हवा लागून सगळं कुजून जातं. शेड्यूल्ड जागेवर असं काही चालू दिसलं तर स्वतः भांडायला जाऊ नका, लगेच पोलिसांना ९९९ लावा, आणि नंतर कळलं तर १०१ (पोलिसांचाच, पण तातडीचा नसलेला नंबर), 'हेरिटेज क्राइम' असं स्पष्ट सांगा आणि नकाशावरचा ग्रिड रेफरन्स द्या.